गाडीची कट-कट आणि पंचायत समितीसमोरचा खड्डा

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांचे चार पैसे वाचतील. ज्यांच्याकडे नाही त्यांचाही विषय शेवटी आहेच, कारण त्या रस्त्यावरून आपण सगळेच जातो.

दिवाळीनंतर माझ्या गाडीच्या पुढच्या बाजूनं आवाज यायला लागला. कट-कट-कट-कट. सरळ रस्त्यावर काही नाही. पण बाजारातून बँकेच्या गल्लीत वळलं, किंवा घरासमोर गाडी फिरवून लावायला गेलं, की सुरू. पहिले आठ दिवस मी तेच केलं जे आपण सगळे करतो. रेडिओचा आवाज वाढवला.

मग बायको म्हणाली, "चाक निखळून पडल्यावर दाखवणार आहात का?" तेव्हा कुठे जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. गाडी आत गेली, मी काचेच्या अलीकडे कॉफी पीत बसलो. अर्ध्या तासात हातात कागद आला. पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही लिंक रॉड आणि मजुरी. एकूण १८,४०० रुपये.

मी विचारलं, "आवाज नेमका कशाचा आहे?"

"सर, सस्पेंशनचं काम आहे. आपल्याकडचे रस्ते असे, त्यामुळे होतंच."

खरं सांगतो, हे उत्तर मला फार आवडलं. आपल्या नगरपरिषदेवर लिहायला आयता विषय मिळाला होता. येताना गाडीतच मथळा सुचला होता : 'खड्ड्यांनी मोडली पत्रकाराची गाडी'. एवढे पैसे जवळ नव्हते म्हणून फक्त लिंक रॉड बदलून घेतले. २,२०० रुपये गेले. खड्ड्यातून जाताना जी खडखड व्हायची ती थांबली. पण घरासमोर गाडी वळवली आणि परत कट-कट-कट-कट. म्हणजे मी ज्या दुखण्यासाठी गेलो होतो ते तसंच होतं, आणि पैसे दुसऱ्याच दुखण्यावर खर्च झाले होते.

शेवटी आपल्या नाक्यावरच्या मिस्त्रीमामांकडे गेलो. आधीच जायला हवं होतं, पण मोठ्या काचेचा मोह.

मामांनी पाना हातात घेतला नाही. बॉनेटही उघडलं नाही. आधी प्रश्न विचारले. आवाज वळताना येतो की खड्ड्यात? एकदाच 'कट' होतो की चाक फिरेल तसा सलग येतो? वेग वाढवला की आवाजही जलद होतो का? ब्रेक दाबला की जातो का? गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवलं तर येतो का?

मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता येईनात. आम्हाला पत्रकारितेच्या पदविकेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात : कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. वीस वर्षं मी लोकांना हे प्रश्न विचारत आलोय आणि स्वतःच्या गाडीला एकही विचारला नव्हता.

मामा म्हणाले, "चला, बाजारतळावर." बाजाराचा दिवस नव्हता, मैदान मोकळं होतं. त्यांनी काच खाली केली, रेडिओ बंद केला, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे तोडलं आणि हळू वेगात, थोडं ॲक्सिलरेटर देत गोल चकरा मारल्या. आवाज मोठा. मग पूर्ण उजवीकडे. आवाज जवळजवळ नाही. म्हणाले, "उजव्या चाकाकडचा आहे. डावीकडे वळताना भार उजव्यावर येतो, म्हणून तेव्हा ओरडतो. बहुतेक वेळा असंच असतं, पण खोलून खात्री करू."

परत येऊन जॅक लावला, उजवं चाक काढलं. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडून चिकटलेलं होतं. एक्सलच्या टोकाला जो घड्याघड्यांचा रबरी बूट असतो, तो एका घडीत गोल फाटला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या बहुतेक लहान गाड्यांमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते. आता पुढच्या चाकाला फिरायचंही असतं, वळायचंही असतं आणि खड्ड्याप्रमाणे वर-खालीही व्हायचं असतं. सरळ दांडा हे सगळं करू शकत नाही. म्हणून एक्सलला सीव्ही जॉइंट असतो. चाकाकडच्या जॉइंटमध्ये साधारण ६ पोलादी गोळ्या खाचांमध्ये सरकत असतात आणि सगळं ग्रीसमध्ये बुडालेलं असतं. ते ग्रीस आत ठेवायचं आणि धूळ-पाणी बाहेर ठेवायचं, एवढंच त्या रबरी बुटाचं काम. बूट फाटला की चाकाच्या वेगानं ग्रीस बाहेर फेकलं जातं. त्या जागी चिखल, पाणी, वाळू जाते. खाचा झिजतात. मग वळताना, ताण आला की गोळ्या त्या झिजलेल्या खाचांत आपटतात. तीच कट-कट.

मी मोठ्या आशेनं विचारलं, "खड्ड्यामुळेच फाटला ना मामा?"

"नाही हो साहेब. रबर आहे, गाडीला दहा वर्षं झाली. उन्हानं, उष्णतेनं तडकतंच. लिंक रॉड गेले ते खड्ड्यांनी, ते मान्य. हा बूट तुमच्या दुर्लक्षानं गेला. गाडी खालून कधी बघितली होती?"

गेली तीन वर्षं मी फक्त ऑइल बदलत होतो. गाडी वर उचलून खालून बघा, असं कुणालाच म्हटलं नव्हतं.

मामा पुढे म्हणाले, "फाटल्या फाटल्या आला असतात तर जॉइंट धुऊन, नवं ग्रीस भरून, नवा बूट घालून सातशे रुपयांत काम झालं असतं. आता आवाज आला, म्हणजे आतून झिजलं. आता नुसता बूट घालून उपयोग नाही." नवा जॉइंट आणि मजुरी मिळून ३,६०० रुपये झाले. काम झाल्यावर मामा परत मला बाजारतळावर घेऊन गेले. डावीकडे चकरा, उजवीकडे चकरा. शांत. मगच पैसे घेतले.

त्या दिवशी मामांनी सांगितलेलं थोडक्यात लिहून ठेवलंय, तुमच्याही कामाला येईल :

१) पुढून कसलाही नवा आवाज आला तर सगळ्यात आधी चाकांचे नट घट्ट आहेत का बघा. पंक्चर काढून आणल्यावर तर नक्कीच. सैल नट हा खर्चाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

२) सरळ रस्त्यावर वेगाप्रमाणे टिक-टिक येत असेल तर टायरच्या खाचेत अडकलेला खडा किंवा खिळा शोधा. व्हील कॅप हलवून बघा. यात कधी कधी एक पैसाही लागत नाही.

३) पूर्ण वळणावर, ॲक्सिलरेटर दिला की सलग कट-कट : चाकाकडचा सीव्ही जॉइंट.

४) खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर 'खट' : लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश किंवा बॉल जॉइंट. यातला बॉल जॉइंट अजिबात टाळू नका. तो सुटला की चाक आडवं पडतं.

५) गाडी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवताना कटकट : बऱ्याचदा शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग.

६) ब्रेक हलका दाबला की आवाज थांबतो : ब्रेक पॅड किंवा त्याची क्लिप सैल असू शकते.

आणि एक सगळ्यात महत्त्वाचं. कुठलाही पार्ट बदलण्याआधी विचारा, "याच्यामुळेच आवाज येतोय हे कशावरून?" उत्तर देता येत नसेल तर तो मेकॅनिक अंदाजानं काम करतोय, आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही देताय.

आता खड्ड्याकडे येतो.

मामांकडून गाडी घेऊन परत येताना पंचायत समितीसमोर थांबावं लागलं. तिथं खड्डा बुजवायचं काम चालू होतं. एक ट्रॅक्टर, चार मजूर, घमेल्यांनी खडी-डांबर टाकून वरून छोटा रोलर. गाडीत बसल्या बसल्या मी मोजायला लागलो, हा खड्डा मी कितव्यांदा बुजताना बघतोय. गणपतीच्या आधी मुरूम टाकला होता. त्याच्या मागच्या वर्षी दिवाळीनंतर डांबर टाकलं होतं, त्याच्याही मागच्या वर्षी टाकलं होतं. दरवर्षी जुलैत तो तिथंच, त्याच आकाराचा उघडतो.

सर्व्हिस सेंटरनं माझ्या गाडीचं जे केलं, तेच आपण त्या रस्त्याचं दरवर्षी करतोय. पार्ट बदलतोय. आवाज कुठून येतो हे कुणी विचारत नाही.

खड्डा कसा पडतो हे काही गुपित नाही. डांबराला आधी बारीक भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जातं. खडीवरचा डांबराचा थर पाण्यानं सुटायला लागतो, खालचा थर भिजून मऊ होतो. वरून जड वाहन गेलं की पाण्याबरोबर खालची माती-वाळू वर फेकली जाते आणि पोकळी तयार होते. मग एके दिवशी वरचा थर बसतो. म्हणजे गाडीच्या बुटासारखंच. भेग असताना ती भरली आणि पाण्याला वाट करून दिली तर खर्च थोडा. खड्डा दिसायला लागला म्हणजे स्वस्त दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

मग पंचायत समितीसमोरच पाणी का साचतं? मी दोन दिवस तिथं पायी फिरलो. कारण कुणालाही दिसेल इतकं साधं आहे. रस्त्याच्या कडेची गटार तिथं बंद आहे. पाच-सहा दुकानांनी तिच्यावर ओटे बांधलेत, गाड्या चढवायला सिमेंटचे रॅम्प केलेत. खाली कचरा आणि गाळ. वरच्या गल्लीतून येणारं पावसाचं सगळं पाणी गटारीत न जाता रस्त्यावर येतं आणि सखल जागी थांबतं. ती सखल जागा म्हणजे आपला खड्डा.

दुखणं पाण्याचं आहे आणि आपण औषध डांबराचं देतोय.

हे नगरपरिषदेच्या अभियंत्यांना कळत नाही असं अजिबात नाही. त्यांना माझ्यापेक्षा शंभर पटीनं कळतं. त्यांची बाजूही ऐकली. पाऊस एकदम पडतो, निधी तुटपुंजा येतो, हंगामात उसाच्या ट्रॉल्या याच रस्त्यानं जातात. यात तथ्य आहे. पण निधी कमी आहे हे तर एकाच खड्ड्यावर दरवर्षी पैसे न घालण्याचं कारण झालं, घालण्याचं नाही.

खरं कारण वेगळं आहे आणि ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. डांबर टाकलं की कुणी दुखावत नाही. ठेकेदाराला काम मिळतं, नगरसेवकाला फोटो मिळतो, आपल्याला चार महिने सपाट रस्ता मिळतो. गटार मोकळी करायची म्हटलं तर पाच दुकानांचे ओटे फोडावे लागतात. त्या दुकानदारांना मतं आहेत, ओळखी आहेत. त्यातले दोघं माझे शाळेपासूनचे मित्र आहेत, दिवाळी अंकाला जाहिरातही देतात. म्हणून तर मीही इतकी वर्षं 'खड्ड्यांचे साम्राज्य' असं मोघम लिहीत आलो. ओट्यांबद्दल एक ओळ लिहिली नाही.

मामांनी मला तोंडावर सांगितलं की बूट तुमच्या दुर्लक्षानं गेला. ते ऐकायला बरं वाटलं नाही. खड्ड्यावर ढकलणं सोपं होतं. गावाचंही तसंच आहे. खरं निदान केलं की बोट कुणातरी ओळखीच्या माणसाकडे जातं, कधी कधी आपल्याकडेच. म्हणून निदानच नको.

गेल्या जुलैत याच जागी एक ताई स्कूटीवरून पडल्या. पाण्यात खड्डा दिसला नाही. मनगट मोडलं, दोन महिने हात गळ्यात. बातमी मीच दिली होती, चार ओळींची. 'खड्ड्यामुळे महिला जखमी'. खड्डा कशामुळे हे मी विचारलं नाही. चारचाकीवाल्याला निदान कट-कट ऐकू येते, चार दिवस आधी सूचना मिळते. दुचाकीवाल्याला तीही मिळत नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण आपल्याकडे रस्ता म्हणजे कुणीतरी केलेले उपकार असं समजतात. पेट्रोलची चारचाकी घेताना आपण महाराष्ट्रात किमतीच्या ११ ते १३ टक्के कर एकरकमी भरतो, डिझेलला त्याहून जास्त. चांगला रस्ता मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आलं. रस्त्याचं काम किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आदेश दिला की खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची.

भरपाई मिळायलाच हवी. पण मनगट मोडल्यावर पैसे देणं म्हणजे आवाज आल्यावर जॉइंट बदलणं. बूट फाटलाय का हे आधी बघणारी व्यवस्था हवी.

म्हणून माझी मागणी नवीन रस्त्याची नाही. तीच साधी, मामांची पद्धत रस्त्याला लावा एवढंच म्हणतोय.

पहिलं, पावसाळ्याआधी रस्ता पायी चालून बघा. भेगा कुठे आहेत, पाणी कुठे थांबतं, गटार कुठे बंद आहे. खड्डे पडल्यावर मोजायचे नाहीत, पडण्याआधी जागा शोधायच्या.

दुसरं, एकाच जागी दुसऱ्यांदा खड्डा पडला तर तो का पडला हे लेखी नोंदवल्याशिवाय तिथं डांबराचं बिल काढू नका.

तिसरं, रस्ता दोषदायित्व कालावधीत असेल तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते. तो कालावधी कधी संपतो याचा फलक रस्त्यावर लावा.

चौथं, दुरुस्तीनंतर पहिल्या मोठ्या पावसात कुणीतरी तिथं जाऊन उभं राहा. मामा काम झाल्यावर परत बाजारतळावर गेले, शांतता ऐकली आणि मगच पैसे घेतले. आपल्याकडे बिल आधी निघतं आणि पाऊस नंतर येतो.

आणि आपलं काम काय? दुकानदार मित्रांना मी काल भेटलो. एकजण चिडला, साहजिक आहे. दुसरा म्हणाला, "सगळ्यांचे ओटे काढणार असतील तर माझा पहिला काढा. एकट्याचा काढला तर भांडण होईल." मला हे बोलणं रास्त वाटलं. कारवाई करायची तर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांवर सारखी. आणि दुकानात चढायला गटारीवर जाळीचं झाकण टाकता येतं, खालून पाणीही वाहतं. मधला मार्ग आहे.

सोमवारी मी माहिती अधिकारात अर्ज दिला आहे. पंचायत समितीसमोरच्या त्या जागेवर गेल्या ५ वर्षांत किती वेळा काम झालं, प्रत्येक वेळचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि दोषदायित्वाचा कालावधी, एवढंच मागितलंय. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अर्ज एकाच विषयाचा आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत ठेवायचा. तुमच्या गल्लीतला खड्डा दरवर्षी त्याच जागी उघडत असेल तर तुम्हीही द्या. लिहायला जमत नसेल तर माझ्याकडे या, मी लिहून देतो.

त्या खड्ड्याचे मागच्या पावसाळ्यांतले फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये असतील तर तारखेसह मला पाठवा. पाणी साचलेलं दिसत असेल असे. मोजमाप पुस्तिका आल्या की त्यांच्या शेजारी हे फोटो ठेवायचे आहेत.

अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. येईल ते जसंच्या तसं इथं टाकेन. त्यात मित्रांची नावं आली तरी.